व्हिसा रिन्यूअल चालू असताना घरी जाऊन यावं का?

प्रश्न असा आलाय की वर्क व्हिसा चार महिन्यांनी संपतोय, कंपनी म्हणते आम्ही एक्स्टेन्शन टाकतो तुम्ही काळजी करू नका, पण नेमकं दोन महिन्यांनी घरात लग्न आहे, तर अर्ज टाकून पंधरा दिवस जाऊन आलं तर चालेल का. आणि राहतात कुठल्या देशात ते लिहिलंच नाहीये! खरी गोम तिथेच आहे, कारण याच प्रश्नाचं उत्तर ब्रिटनमध्ये "अर्ज टाकल्यावर अजिबात नाही", ऑस्ट्रेलियात "आधी एक वेगळा कागद काढा मग खुशाल जा", जर्मनीत "हातातल्या कागदावर कुठल्या कलमापुढे खूण आहे ते बघा" आणि अमेरिकेत "जायला कोणी अडवणार नाही, परत येण्याचं बोला" असं आहे.

देश माहीत नसताना एकच सल्ला द्यायचा झाला तर तो असा, की शक्य असेल तर अर्ज टाकायच्या आधी जाऊन या, जुना व्हिसा अजून जिवंत आहे तोवर. चार महिने हातात आहेत, लग्न दोन महिन्यांवर, म्हणजे परत येऊन अर्ज टाकायला वेळ उरतोय. फक्त कंपनीला आणि त्यांच्या वकिलाला आजच ही तारीख कळवा, नाहीतर ते उत्साहाने उद्याच अर्ज टाकून मोकळे होतात आणि तुमचं तिकीट आधीच काढलेलं असतं.

मी बरीच वर्षं कंपन्यांच्या लोकांची ही कामं करतेय आणि बघतेय की सगळ्यांना भीती रिजेक्शनची असते. खरी नोकरी आहे, पगार वेळेवर होतोय, कागद जुळतायत, अशा माणसाचं एक्स्टेन्शन बहुतेक वेळा होऊन जातं, थोडं रडवतं पण होतं. माणसं अडकतात ती मधल्या काळात, जुनी मुदत संपलीये आणि नवीन हातात आलेलं नाही त्या काळात काहीतरी करून बसल्यामुळे, आणि बहुतेक वेळा ते "काहीतरी" म्हणजे विमानात बसणं हेच असतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, देशात शिरायची परवानगी वेगळी आणि तिथे राहायची परवानगी वेगळी. अमेरिकेत हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो. पासपोर्टवरचा स्टिकर हा फक्त दारात उभं राहून आत येऊ का विचारण्यापुरता, आत आल्यावर तुम्ही किती दिवस राहू शकता ते आय-९४ वर, म्हणजे आत येताना होणाऱ्या राहण्याच्या मुदतीच्या नोंदीवर असतं किंवा एक्स्टेन्शन झालं असेल तर ७९७ च्या, म्हणजे अर्ज मंजूर झाल्याच्या कागदाच्या, खालच्या भागात नवीन आय-९४ छापून येतो त्यावर. त्यामुळे स्टिकर कधीचा संपलेला आणि माणूस आरामात कायदेशीर राहतोय, नोकरी करतोय, हे अगदी नॉर्मल आहे. उलटंही होतं आणि ते धोकादायक, स्टिकर अजून दोन वर्षं चालतोय म्हणून माणूस निवांत आणि आय-९४ मागच्या महिन्यात संपलाय.

असं कसं होतं तर पासपोर्टमुळे. तुमचं ७९७ तीन वर्षांचं असलं तरी पासपोर्ट दीड वर्षाने संपत असेल तर एअरपोर्टवरचा ऑफिसर आय-९४ बऱ्याचदा पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतो. तो तोंडाने काही सांगत नाही, तुम्ही पण लांबच्या प्रवासाने दमलेले असता, बॅगा घ्यायची घाई, आणि डोक्यात ७९७ वरचीच तारीख. साधारणपणे सगळ्यात शेवटी दिलेला आय-९४ लागू होतो, आधीच्या कागदावर काय लिहिलंय त्याचा उपयोग नाही. म्हणून प्रत्येक एन्ट्रीनंतर, परत सांगते प्रत्येक, सीबीपीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सीमा तपासणी खात्याच्या, साइटवर जाऊन आय-९४ डाउनलोड करा, फुकट आहे, दोन मिनिटांचं काम. आणि मुलांचा वेगळा बघा. भारतीय लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच मिळतो, त्यामुळे आईवडिलांची तारीख पुढची आणि मुलाची मागची असं सर्रास होतं, आणि पाच वर्षांच्या पोराचं स्टेटस संपलंय हे घरात कोणाच्या ध्यानीमनी नसतं. अमेरिकेत डिपेंडंटचं, म्हणजे तुमच्या व्हिसावर आलेल्या घरच्यांचं, एक्स्टेन्शन आपोआप होत नाही, एच-४ साठी, म्हणजे एच-१बी या वर्क व्हिसावाल्याच्या नवराबायको-मुलांच्या व्हिसासाठी, वेगळा आय-५३९ फॉर्म टाकावा लागतो. कंपनीचा वकील तो टाकेलच असं धरून चालू नका, काही कंपन्या घरच्यांचं काम करत नाहीत आणि ते सांगायलाही विसरतात.

आता अर्ज टाकल्यापासून निकाल येईपर्यंतचा काळ. बहुतेक देशांनी यासाठी सोय ठेवलीय, कारण ऑफिसं किती हळू चालतात ते त्यांनाही माहितीये. अट सगळीकडे जवळपास सारखीच, मुदत संपायच्या आधी अर्ज पोचलेला पाहिजे. ब्रिटनमध्ये याला थ्री-सी लीव्ह म्हणतात, जुन्या व्हिसाच्या अटी निकाल येईपर्यंत तशाच चालू राहतात, नोकरीसकट. कॅनडात मेन्टेन्ड स्टेटस म्हणतात, जुनी माणसं अजून इम्प्लाइड स्टेटस म्हणतात तेच ते. ऑस्ट्रेलियात ब्रिजिंग व्हिसा ए मिळतो. जर्मनीत फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचा कागद देतात, नाव उच्चारता आलं नाही तरी चालेल पण तो जपून ठेवा. अमेरिकेत त्याच कंपनीने एच-१बी एक्स्टेन्शन वेळेत टाकलं असेल तर आय-९४ संपल्यानंतर २४० दिवसांपर्यंत काम करता येतं. एच-४ वर ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड, काढून काम करणाऱ्यांनी मात्र सावध राहा, तिथे अर्ज टाकला की जुनं कार्ड आपोआप वाढायचं, ती सोय ३० ऑक्टोबर २०२५ पासून टाकलेल्या अर्जांना बंद झाली. म्हणजे कार्ड संपलं आणि नवीन आलं नाही की त्या दिवसापासून काम थांबवायचं, "दोन दिवसांत येईल, तोवर लॅपटॉप उघडते" असं करायचं नाही. हा नियम बदलल्यापासून नवराबायकोंची जितकी भांडणं माझ्या कानावर आली तितकी आधी कधी आली नव्हती, कारण एकाची नोकरी पूर्णपणे दुसऱ्याच्या कागदावर उभी असते.

ही सगळी सोय तुम्ही देशात असेपर्यंत आहे. बाहेर पाऊल टाकलंत की प्रत्येक देश वेगळा वागतो.

ब्रिटनमध्ये अर्ज पेंडिंग असताना कॉमन ट्रॅव्हल एरियाच्या बाहेर गेलात, म्हणजे यूके, आयर्लंड, चॅनल आयलंड्स आणि आइल ऑफ मॅन सोडून कुठेही, तर अर्ज मागे घेतला असं धरतात. जुना व्हिसा अजून चालू असेल तर त्यावर परत येता येतं आणि नव्याने अर्ज करता येतो, पण तो संपला असेल तर बाहेरूनच पहिल्यापासून सुरुवात. एवढं स्पष्ट असूनही दरवर्षी कोणीतरी पॅरिसला वीकेंडला जाऊन येतं, "ट्रेननेच तर गेलो होतो" म्हणतं. तिथे घाई असेल तर पैसे टाकून वेळ विकत घेता येतो, प्रायॉरिटीला ५०० पाउंड जादा आणि साधारण पाच वर्किंग डेजमध्ये निकाल, सुपर प्रायॉरिटीला १००० पाउंड आणि सहसा पुढच्या वर्किंग डेला. महाग आहे, हो, पण लग्नाचं तिकीट फुकट जाण्यापेक्षा स्वस्त पडतं. नुसती व्हिसा फी बघून बजेट करू नका, हेल्थ सरचार्ज मोठ्यांना वर्षाला १०३५ आणि मुलांना ७७६ पाउंड, तो पण सगळ्या वर्षांचा एकदम भरायचा. दोघं आणि दोन मुलं, तीन वर्षांचं एक्स्टेन्शन, हिशेब केला तर सरचार्जच १०,८६६ पाउंड होतो. कंपनी यातलं काय भरणार आणि काय नाही हे आधी लेखी विचारून घ्या, कारण ऑफर लेटरमध्ये "व्हिसा सपोर्ट" इतकंच मोघम लिहिलेलं असतं.

ऑस्ट्रेलियातला ब्रिजिंग ए हा फक्त आत राहण्यापुरता, बाहेर गेलात की तो संपला आणि परत यायला हातात काही नाही. त्यासाठी ब्रिजिंग व्हिसा बी काढायचा, देशात असतानाच अर्ज करायचा आणि तो मिळाल्यावरच निघायचं. किमान दोन आठवडे आधी टाका, आदल्या दिवशी नाही. कॅनडात बाहेर गेलात की मेन्टेन्ड स्टेटस तुटतं, शिवाय वर्क परमिट आणि परत आत यायचा व्हिजिटर व्हिसाचा स्टिकर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे परमिट वाढलं तरी स्टिकर संपला असेल तर विमानात बसू देत नाहीत. स्टिकर देशात बसून ऑनलाइन मागता येतो, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

जर्मनीचा कागद मिळाला की त्याच्या आत कुठल्या कलमापुढे खूण केलीये ते बघा. तिथल्या राहण्याच्या कायद्यातल्या कलम ८१ चा चौथा परिच्छेद असेल तर आधीचा परवानाच पुढे चालू मानतात, त्यावर बाहेर जाऊन परत येता येतं. तिसरा परिच्छेद असेल तर राहता येतं, पण बाहेर गेल्यावर त्या कागदावर परत येता येत नाही. दोन्ही कागद बाहेरून सारखेच दिसतात, आणि परतीच्या विमानाच्या काउंटरवरच्या माणसाने असला कागद जन्मात बघितलेला नसतो, तेव्हा जुनं संपलेलं कार्ड, पासपोर्ट आणि हे सगळं सोबत ठेवा आणि काउंटरवर तासभर आधी जा. मोठ्या शहरातल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसात अपॉइंटमेंट मिळत नाही ही रड खरी आहे, पण अपॉइंटमेंट मिळाली नाही म्हणून अर्ज अडवून ठेवू नका, मुदतीच्या आत अर्ज लेखी किंवा ऑनलाइन पोचलेला असणं आणि त्याची पोच तुमच्याकडे असणं महत्त्वाचं.

अमेरिकेवर जास्त लिहावं लागतंय कारण तिथलं चित्र मागच्या एक-दोन वर्षांत फार बदललं आणि लोक अजून जुन्या मित्रांच्या सल्ल्यावर चाललेत. एकेकाळी अमेरिकेतच पासपोर्ट पाठवून स्टिकर रिन्यू व्हायचा, ते २००४ मध्ये बंद झालं कारण बोटांचे ठसे घेणं आलं. २०२४ च्या सुरुवातीला एच-१बी वाल्यांसाठी २०,००० पर्यंत अर्जांचा एक छोटा प्रयोग केला, सगळ्यांना वाटलं सुटलो, पण तो तेवढ्यावरच राहिला. मग आधार होता ड्रॉपबॉक्सचा, म्हणजे इंटरव्ह्यू न देता कागद टाकायचे आणि स्टिकर मारून पासपोर्ट परत. २ सप्टेंबर २०२५ पासून त्याची यादी एवढी छोटी केली की एच-१बी आणि एच-४ त्यातून बाहेर पडले. त्याच महिन्यात सांगितलं की व्हिसाचा अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा राहत्या देशातच करा, म्हणजे जवळच्या तिसऱ्याच देशात पटकन स्टॅम्पिंग करून यायची जुनी युक्ती पण गेली. आणि १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी, एच-४ वाल्यांची सोशल मीडिया तपासणी चालू झाली, तेव्हा भारतातल्या त्या सुमाराच्या किती तरी अपॉइंटमेंट थेट पुढच्या वर्षात काही महिने लांब ढकलल्या गेल्या. लोक सुट्टीला म्हणून पंधरा दिवसांच्या बॅगा घेऊन आले होते, घर तिकडे, गाडी तिकडे, मुलांची शाळा तिकडे.

म्हणून तुम्ही अमेरिकेत असाल तर पहिला प्रश्न हा, की तुमचा स्टिकर परतीच्या तारखेला चालू आहे का. चालू असेल तर फार घाबरायचं कारण नाही, जाऊन या, आणि मधल्या काळात नवीन ७९७ मंजूर झालं तर त्याचा मूळ कागद मागवून घ्या आणि परत येताना तोच पुढे करा, नाहीतर ऑफिसर जुन्या तारखेचा आय-९४ देऊन मोकळा होतो आणि केलेलं एक्स्टेन्शन कागदावरच राहतं. स्टिकर संपलेला असेल तर मंजूर ७९७ शिवाय निघू नका आणि मंजूर असलं तरी अडकण्याची तयारी ठेवून निघा. तयारी म्हणजे काय तर मॅनेजरला स्पष्ट विचारा की दोन-तीन महिने बाहेरून काम करू द्याल का, काही कंपन्यांना टॅक्समुळे किंवा डेटाच्या नियमांमुळे ते जमतच नाही आणि मग बिनपगारी रजा. इंटरव्ह्यूनंतर २२१-जी ची, म्हणजे व्हिसा तूर्त थांबवल्याची, स्लिप हातात आली तर ते कायमचं रिजेक्शन समजून रडत बसू नका, बऱ्याचदा कागद हवा असतो किंवा तपासणी चालू असते, पण त्याला वेळेची काही हमी नसते हेही तितकंच खरं. एच-१बी सोडून दुसऱ्या प्रकारात बदल करायचा अर्ज पेंडिंग असेल, म्हणजे चेंज ऑफ स्टेटस, तर देश सोडलात की तो अर्ज सोडून दिला असं धरतात.

जाताजाता एक, संपलेल्या स्टिकरवर कॅनडा किंवा मेक्सिकोला ३० दिवसांच्या आत जाऊन येता येतं, आय-९४ चालू असेल तर, फक्त तिथे नवीन व्हिसाला अर्ज केला की ही सवलत गेली. फिरायला जायचं असेल तर उपयोगी आहे, लग्नाला नाही.

पासपोर्टबद्दल मी जरा हट्टी आहे. वर्षभरापेक्षा कमी मुदत राहिली असेल तर आधी पासपोर्ट रिन्यू करा आणि मग व्हिसाला हात घाला, क्रम उलटा करू नका. अमेरिकेचं वर सांगितलंच, जर्मनीतही कार्ड सहसा पासपोर्टच्या पुढे जात नाही. जुन्या पासपोर्टवरचा चालू अमेरिकन स्टिकर फाटलेला वगैरे नसेल तर चालतो, दोन्ही पासपोर्ट घेऊन प्रवास करायचा, फक्त स्टिकर सोलून नव्यात चिकटवायचा उद्योग करू नका (हसू नका, लोक करतात). ब्रिटनमध्ये आता कार्डंच राहिली नाहीत, बीआरपी नावाची राहण्याच्या परवान्याची कार्डं २०२४ च्या शेवटी संपली आणि सगळं ई-व्हिसावर आलं, त्यामुळे नवीन पासपोर्टचा नंबर यूकेव्हीआय अकाउंटमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा खात्याच्या साइटवरच्या तुमच्या अकाउंटमध्ये, जोडला नाही तर एअरलाइनच्या सिस्टिमला तुमचा व्हिसा दिसतच नाही. आणि नाव. एका कागदावर मधलं नाव आहे दुसऱ्यावर नाही, लग्नानंतर एकीकडे बदललं दुसरीकडे तसंच, आडनावाचा रकाना रिकामा असला की अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी एफएनयू, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही, असं येतं, आणि मग बँक, लायसन्स, विमान सगळीकडे तुम्ही एफएनयू. हे पासपोर्ट रिन्यू करतानाच सरळ करून घ्या, नंतर फार वेळ खातं.

एक्स्टेन्शनच्या वेळी कागद मागतात ते मागच्या वर्षांचा हिशेब म्हणून. पगाराच्या स्लिपा अर्जात लिहिलेल्या पगाराशी जुळतात का, मधेच बिनपगारी रजा होती का आणि तिचं पत्र आहे का, कामाची जागा बदलली का. अमेरिकेत एच-१बी वाल्याने घर दुसऱ्या शहरात हलवलं आणि तिथून काम सुरू केलं तर बऱ्याच वेळा कंपनीने आधी अमेंडमेंट, म्हणजे मूळ अर्जात बदल करायचा अर्ज, टाकायला लागतं, आणि एचआरला हे तुमच्या पत्ता बदलाच्या फॉर्मवरून कळत नाही, तुम्ही सांगाल तेव्हाच कळतं. ब्रिटनमध्ये पुढे आयएलआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, घ्यायचा असेल तर कुठल्याही १२ महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहायचं नाही, म्हणून जाण्यायेण्याच्या तारखांची एक साधी शीट ठेवा, काही वर्षांनी बोर्डिंग पास शोधत बसायची वेळ येणार नाही.

मधेच नोकरी गेली तर? अमेरिकेत जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेच. ब्रिटनमध्ये स्पॉन्सरने, म्हणजे कंपनीने, कळवल्यावर होम ऑफिस हे तिथलं गृहखातं व्हिसा छाटून सहसा ६० दिवसांचा करतं. दोन्हीकडे ६० आहे म्हणून सारखं समजू नका, अमेरिकेतले दिवस नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून धावायला लागतात, पत्र यायची वाट बघत नाहीत. त्या काळात पहिला आठवडा दुःखात जातो, ते समजू शकते, पण दुसऱ्या आठवड्यात वकिलाशी बोललेलं असलंच पाहिजे.

आणि तारीख चुकलीच, ओव्हरस्टे झाला, तर गप्प बसून "कोणाला काय कळतंय" हा सगळ्यात महाग मार्ग. अमेरिकेत बेकायदा राहणं १८० दिवसांच्या पुढे गेलं आणि मग देश सोडला तर तीन वर्षांची बंदी, एक वर्ष किंवा जास्त झालं तर दहा वर्षांची. ब्रिटनमध्ये खरंच सबळ कारण असेल तर १४ दिवसांच्या आत टाकलेला अर्ज विचारात घेतात, पण त्या दिवसांत थ्री-सी चं संरक्षण नसतं म्हणजे काम करता येत नाही. पुढच्या प्रत्येक फॉर्मवर, अगदी दुसऱ्या देशाच्यासुद्धा, कधी नकार आला का, कधी मुदतीपेक्षा जास्त राहिलात का असं विचारतात, तिथे खरं लिहा. जुना नकार चालवून घेतात, लपवलेला नकार सापडला की बंदीपर्यंत जातं.

राहता राहिला कंपनीचा वकील. तो चांगला असेल, हुशार असेल, पण त्याचं बिल कंपनी भरते आणि तो कंपनीचं हित आधी बघतो, यात वाईट काही नाही, फक्त ते लक्षात ठेवा. अर्ज टाकला की रिसीट नंबर, पाठवलेल्या फाइलची पूर्ण पीडीएफ आणि मंजुरीचा कागद या तिन्हींची कॉपी मागा, आणि त्या कंपनीच्या ईमेलवर न ठेवता स्वतःच्या खात्यात ठेवा, कारण नोकरी गेली की त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ऑफिसचा ईमेल बंद होतो आणि नेमकं तेव्हाच नवीन कंपनीचा वकील पहिला कागद तोच मागतो.